असू दे, लागेल

मिस्त्रीने जाता जाता विचारलं, "साहेब, हा माल टाकायचा, का आम्ही घेऊन जाऊ?"

प्रश्नात दोनच पर्याय होते आणि दोन्हींत माल माझ्या घरातून जात होता. नेमकं तेच मला बघवेना. साडेतीन महिन्यांत या घराने किती पैसे खाल्ले ते मी एका वहीत लिहून ठेवलं होतं आणि ती वही उघडायची मला हिंमत होत नव्हती. पण भिंतीला टेकवलेल्या प्लायच्या नऊ तुकड्यांचा हिशेब तोंडपाठ होता. सव्वाशे रुपये चौरस फूट. मरीन.

"असू दे," मी म्हणालो, "लागेल."

मराठी घराचा माळा या शब्दांवर उभा असतो. श्रीखंडाचा रिकामा डबा, बंद पडलेल्या मिक्सरचं चांगलं भांडं, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. कशाला लागेल, कधी लागेल, हे विचारायचं नसतं.

मिस्त्री मूळचा राजस्थानचा, पण वीस वर्षं पुण्यात. मी त्याच्याशी हिंदी बोलायचो आणि तो माझ्याशी मराठी. साडेतीन महिन्यांत दोघांपैकी एकानेही माघार घेतली नव्हती. "देखो, ये सब गॅलरी में रख दो," मी म्हणालो. "ठेवतो की," तो म्हणाला, "पण साहेब, याचं काही होत नसतं." हे त्याच्या धंद्याचं राजकारण आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

त्या रात्री यादी केली. प्लायचे तुकडे नऊ: सगळ्यात मोठा साडेतीन फूट बाय चौदा इंच, सगळ्यात लहान पोळपाटाएवढा, आणि एक इंग्रजी 'एल'सारखा, तो कुठल्या कपाटातून निघाला हे त्या कपाटालाही सांगता आलं नसतं. सनमायकाचे रंग तीन: अक्रोडी, पांढरा, आणि मुलीच्या खोलीतला भगव्याच्या जरा अलीकडे थांबलेला नारिंगी. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स पाच. स्वयंपाकघरातल्या डॅडोच्या सात, त्यातल्या तीन 'हायलाइटर', म्हणजे ज्यांच्यावर फळांची परडी छापलेली असते त्या. बिजागरी एक. ड्रॉवरचा चॅनल एक. चॅनल नेहमी जोडीने येतात, त्यामुळे आमच्या घरात कुठला तरी ड्रॉवर एका पायावर चालतोय ही शंका मला तेव्हापासून आहे. जुन्या बेडरूमची सागवानी चौकट, खिळ्यांसकट. अर्धा डबा प्रायमर. आणि ग्रॅनाइट.

ग्रॅनाइटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ओट्यावर सिंक बसवायचं तर ग्रॅनाइटला भोक पाडावं लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या भोकातला दगड कुठे जातो, हे कोणी विचारत नाही. मी विचारलं. कारागिराने दचकून तो मला काढून दिला. दोन फूट बाय दीड फूट, काळाभोर, वरून आरशासारखा, कडांना कटरने कुरतडलेला. वजन साडेतेरा किलो. भंगारवाल्याच्या काट्यावर केलं. भंगारवाल्याने तो घ्यायला मात्र नकार दिला. लोखंड, पत्रा, रद्दी, बाटल्या यांना भाव असतो. भोकाला नसतो.

आठ दिवस हे सगळं गॅलरीत पडून होतं. कपडे वाळत घालायला एका पायावर उभं राहून चौकटीवरून वाकावं लागे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून २०१६ सालचे बांधकामाच्या कचऱ्याचे नियम ऐकवले: राडारोडा ज्याचा, जबाबदारी त्याची. मी म्हणालो, "राडारोडा नाहीच तो, कच्चा माल आहे." नवव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, लागेल म्हणाला होतात ना? मग आता लागू दे."

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. सरळमार्गी माणसाला आधी गरज लागते, मग तो माप घेतो, मग माल आणतो. माझ्याकडे माल होता, मापं होती, गरज तेवढी नव्हती. लोक कापड बघून अंगरखा बेततात. मी चिंध्या हातात घेऊन त्या अंगाला येतील असा माणूस शोधत होतो. साडेतीन फूट बाय चौदा इंच या आकाराची उणीव आमच्या संसारात कुठे आहे, हे बघत मी दोन दिवस टेप घेऊन घरभर फिरलो. घर नुकतंच नवीन झालेलं. प्रत्येक कोपऱ्यात मिस्त्रीने आधीच काही ना काही ठोकून ठेवलेलं. शेवटी दाराबाहेरच्या चपला दिसल्या. चपला बिचाऱ्या तीस वर्षं जमिनीवर होत्या आणि त्यांची तक्रार नव्हती. मी त्यांच्या वतीने ती करून घेतली.

हत्यारं आणायला रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. ज्याच्या हातात कधी पानाही आलेला नाही अशा माणसाने तिथे जाऊ नये. पहिल्या दुकानात मी म्हणालो, "लाकूड कापायचं यंत्र हवंय." दुकानदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, "झाड का फळी?" परतलो तेव्हा पिशवीत ड्रिल मशीन २,९०० रुपये, जिगसॉ ३,४००, ड्रिलची बिटं ४५०, शिकंजे चार नग ८८०, आणि स्क्रू, पॉलिश पेपर, फेविकॉल मिळून ६४०. एकूण ८,२७०. वाचवायच्या प्लायची किंमत साडेसतराशे. हा हिशेब मी त्या वहीत लिहिला नाही.

मग मापांचं शिक्षण. सुतारकामात लांबी फुटा-इंचात मोजतात, जाडी एमएममध्ये, आणि चूक सुतात. एका इंचाचे आठ सूत. "दोन सूत कमी पडलं" म्हणजे पाव इंच गेला. पण ऐकताना असं वाटतं की काहीच झालं नाही, धागाभर काहीतरी इकडचं तिकडे झालं. 'पाव इंच' हा गुन्हा आहे, 'दोन सूत' हा स्वभाव आहे. जाडीचंही तसंच. माझ्या प्लायला मिस्त्री एकोणीस म्हणायचा, बिलावर अठरा लिहिलं होतं, आणि मी मोजल्यावर जे काय आलं ते दोघांनाही मान्य नसतं.

बेचाळीस इंचांच्या फळीचे तीन समान तुकडे करायचे. भागिले तीन, चौदा. चौथीतल्या मुलाला जमेल. पण करवतीचं पातं कापता कापता लाकूड खातं, हे चौथीत शिकवत नाहीत. बाकी शून्य येणारा हा भागाकार होता. त्यात करवतीचा हातचा धरायचा राहिला आणि तीन फळ्या तीन मापांच्या झाल्या. शिवाय जिगसॉचं पातं खालून वर येताना कापतं, त्यामुळे टवके उडतात ते वरच्या बाजूचे. म्हणून सनमायकाची बाजू खाली करून कापायचं असतं. मला हे तिन्ही फळ्यांच्या कडा उंदराने खाल्ल्यासारख्या दिसायला लागल्यावर कळलं. आई म्हणाली, "छान नक्षी आली रे." तिचा मोतीबिंदू काढायचा होता.

मरीन प्लायचं आम्हाला फार कौतुक होतं. घेताना दुकानदाराने सांगितलं होतं, भारतीय मानक ७१० प्रमाणे याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात आणि तरी थर सुटत नाहीत. बहात्तर तास! पुण्यात चपलांवर अशी वेळ येणार नाही हे मलाही कळत होतं, पण आली असती तर आमच्या चपला वाचल्या असत्या. मी फळी उभी धरली, कडेला स्क्रू टेकवला आणि ड्रिलने आत घातला. आधी बारीक भोक पाडून घ्यायचं असतं. बहात्तर तास उकळून न सुटणारे थर माझ्या पहिल्या स्क्रूने सुटले. पुस्तकाची पानं उघडावीत तशी फळी कडेला उघडली. तीत भरपूर फेविकॉल ओतला. फेविकॉल १९५९ सालापासून बाजारात आहे. तेव्हापासून या देशात जे काही मोडलं, फाटलं किंवा मुळात चुकलं, त्याचा भार त्याच्यावर आहे. माझ्या कपाटात लाकडाचं प्रमाण किती आणि फेविकॉलचं किती, यावर दुमत होऊ शकेल.

चिकटवल्यावर रात्रभर दाब द्यावा लागतो. शिकंजे चार आणि उघडलेल्या जागा सात. मग कपाटावर मराठी विश्वकोशाचे सहा खंड ठेवले आणि त्यावर ग्रॅनाइट. ग्रॅनाइटचा तो आमच्या घरातला पहिला उपयोग. त्या खंडांत सुतारकामाची माहिती असणार, हे मला फेविकॉल वाळल्यानंतर सुचलं.

कपाट तयार झालं. चौदा इंच रुंद, तीन मजली, अंगाने अक्रोडी आणि एका बाजूने नारिंगी, कारण अक्रोडी संपला. पुरुषाच्या बुटांच्या जोडाला साडेआठ इंच तरी लागतात, हे कपाट केल्यावर मोजलं. एका फळीवर दीड जोड. तीन फळ्यांवर साडेचार. त्यामुळे आमच्या घरी आलेल्या पाहुण्याचा एक बूट आत आणि एक बाहेर राहतो. जाताना तो बाहेरचा घालतो आणि दुसरा शोधत बसतो. पाहुणे हल्ली लवकर उठत नाहीत, असं बायकोचं निरीक्षण आहे.

हे सगळं चालू असताना आईने कोणालाही न विचारता पोळपाटाएवढा प्लाय उचलून तुळशीच्या कुंडीखाली सरकवला. फळांच्या परडीची एक टाइल ओट्यावर गरम पातेल्याखाली घेतली, दुसरी देवघरात निरांजनाखाली. हत्यार नाही, माप नाही, वेळ एकूण चार मिनिटं. मी तिला सांगितलं की याला फर्निचर म्हणत नाहीत. ती म्हणाली, "आमच्याकडे माजघर बांधून फणसाचं लाकूड उरलं होतं. गावचा सुतार बलुतेदार, त्याला सुगीला भात जायचा. त्याने उरलेल्याचे अकरा पाट केले आणि एक घडवंची. पाट अजून आहेत." मी विचारलं, घडवंची डगमगायची नाही का? ती म्हणाली, "सारवलेली जमीन. पाय उंच असला तर रुततो, बसतो आपोआप. तुमच्या फरशीला माया नाही."

या वाक्याचा अर्थ पुढच्या आठवड्यात कळला.

पुढच्या आठवड्यात मी टेबल केलं. चौकटीचं सागवान चाळीस वर्षांचं, चार इंच बाय अडीच इंच. हे मात्र खरोखर चांगलं लाकूड होतं आणि ते टाकून न देण्याचा अभिमान मला आजही आहे. रंग खरवडल्यावर खालून जो मधासारखा रंग निघाला आणि जो वास सुटला, त्याने मिस्त्रीचं सगळं नवं काम पुठ्ठ्याचं वाटायला लागलं. खिळे उपटले एकतीस. बत्तिसावा आत राहिला होता. तो भवानी पेठेत टिंबर मार्केटमधल्या मशीनवाल्याला सापडला. त्याने मशीन बंद केलं, पात्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चार पाय कापायचे तिप्पट पैसे घेतले. पण पाय कापले एका मापाचे. वर फळी म्हणून दोन बाय दोनची टाइल, खाली आधाराला प्लाय. चौरस, गुळगुळीत, टापटीप. गॅलरीत नेऊन ठेवलं आणि चहाचा कप टेकवला. टेबलाने एका पायाने टक् केलं. कप उचलला, दुसऱ्या पायाने टक्.

टेबल डगमगतं म्हणून एकेक पाय कापत गेलेल्या आणि शेवटी पाट घेऊन बसलेल्या माणसाची गोष्ट मला ठाऊक होती. म्हणून करवतीला हात लावला नाही. पाय सारखे होते. खोट जमिनीत होती. खर्च वाचवायला आम्ही गॅलरीतली जुनी शहाबादी फरशी तशीच ठेवली होती, आणि गॅलरीला पाणी जायला उतार असतो तो वेगळाच. आपल्या पूर्वजांनी 'तिवई' नावाची वस्तू का केली, तिला तीनच पाय का दिले, आणि तो आकडा नावातच का ठेवून दिला, हे मला तेव्हा कळलं. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतातच. चौथा पाय ही चैन आहे आणि ती सपाट जमिनीवरच परवडते.

भाचा आर्किटेक्चरला आहे. तो आला, टेबल हलवून बघितलं आणि म्हणाला, "मामा, फिरव." म्हणजे? "जागच्या जागी गोल फिरव. चौरस टेबलाचे पाय सारखे असतील आणि जमीन नुसती उंचसखल असेल, तर पाव वळणाच्या आत कुठेतरी चारही पाय टेकतातच. गणितात सिद्ध झालंय." माझा विश्वास बसला नाही. फिरवलं. भिंतीशी तिरकं, अगदी गैरसोयीच्या कोनात आल्यावर टेबल एकदम गप्प झालं. चारही पाय टेकले. मी खडूने चार खुणा केल्या. आत्या आली होती. ती म्हणाली, बरोबर ईशान्येला तोंड केलंय हो, कोणाला विचारलंत? मी नुसता हसलो. गॅलरीत जाणाऱ्या प्रत्येकाच्या नडगीला त्या टेबलाचा कोपरा लागतो, पण ते हलत नाही.

फक्त चारही पाय टेकतील एवढीच हमी गणिताने दिली आहे. टेबल सपाट असेल असं ते म्हणालेलं नाही. टाइल गुळगुळीत, गॅलरीला उतार. ठेवलेला कप शांतपणे, कोणाला न दुखावता, पाणी जायच्या भोकाच्या दिशेने निघतो. आम्ही बशी वापरायला पुन्हा सुरुवात केली आहे.

भाच्याला मात्र माझं काम मनापासून आवडलं. इटलीत एन्झो मारी नावाच्या माणसाने १९७४ साली साध्या फळ्या आणि खिळे एवढ्यातच होतील अशा टेबलं, खुर्च्या, पलंगांचे आराखडे लोकांना खुले करून दिले होते, असं त्याने सांगितलं. लोकांनी स्वतः केलं की चांगलं काय आणि वाईट काय ते त्यांना कळेल, हा त्यामागचा विचार. "मग तुम्हाला कळलं का?" बायकोने मला विचारलं नाही, पण ती ज्या पद्धतीने कप पकडून बसली होती त्यात हा प्रश्न होता. मग भाच्याने चंदीगढच्या खुर्च्यांचं सांगितलं. ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ पिएर जान्नरे याने पन्नासच्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करवल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून ढिगाने रचल्या, भंगारात विकल्या, आणि त्याच खुर्च्या आता परदेशातल्या लिलावात लाखांनी जातात. हे ऐकल्यापासून मी माझ्या टेबलाखाली तारीख घालून सही केली आहे.

महिन्याभराने मिस्त्री आला. कपाटाचं एक दार लागत नव्हतं. (ते त्याने केलेलं कपाट, हे मी मुद्दाम सांगतो.) जाताना त्याची नजर गॅलरीत गेली. तो टेबलाशी उकिडवा बसला, पायावरून अंगठा फिरवला, टाइलखाली वाकून बघितलं. मी वाट बघत उभा. जरा वेळाने म्हणाला, "चौकट चांगली होती."

"अच्छा लकडी है ना?" मी म्हणालो.

"होतं," तो म्हणाला.

मग त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि पायांच्या जोडावर, जिथे मी फेविकॉल आणि भुसा भरून बुजवलं होतं तिथे, एक बारीक रेघ मारली. "इथे पाचर ठोका. मग सुटणार नाही." पैसे विचारले तर हसला. दारातून बाहेर पडताना नारिंगी कपाटातून एक आणि बाहेरून एक अशी चप्पल घालून गेला.

सोसायटीत माझं नाव झालंय. कसं, ते मला माहीत नाही. पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ट्रॅकसकट पडद्याची अर्धी काठी पाठवली. मग वॉचमन दीड फूट पीव्हीसी पाइप घेऊन आला: "साहेब, तुम्ही घेता ना?" चौथ्या मजल्यावर बाथरूमचं काम निघालंय, तिथून तीन दिवसांत काचेचं एक तावदान, कडप्प्याचा त्रिकोणी तुकडा आणि ड्रॉवरचा एक चॅनल आला. चॅनल आमच्या चॅनलपेक्षा दोन इंच लांब निघाला. सेक्रेटरी परवा जिन्यात भेटले तेव्हा नियमांचं काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे जुन्या लिफ्टचा आरसा पडून आहे, एवढंच म्हणाले.

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ, दोन्ही हातांनी कवटाळून वॉश बेसिनचा खालचा खांब घेतलेला. बेसिन फुटलं, खांब शाबूत. "म्हटलं, टाकण्यापेक्षा तुम्ही करता ना काहीतरी..."

मी काही बोलायच्या आत बायको पुढे आली. आता हे संपतंय, असं मला वाटलं. तिने तो पांढराशुभ्र खांब नीट बघितला, खालून, वरून. मग मागे वळून गॅलरीच्या कोपऱ्यातल्या ग्रॅनाइटकडे बघितलं.

"एकच पाय आहे," ती म्हणाली. "डगमगणार नाही. जरा टेप आणता का?"

सव्वादोन फूट भरला. अधिक दोन सूत.